कुलूप लावलेलं दार

सुरक्षा व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी तिने आपल्याच विभागाची इमारत तपासली. आग लागल्यास बाहेर पडायच्या दाराला कुलूप होतं. तिने ते प्रबंधात एका पानावर नोंदवलं आणि प्रबंध सहीसाठी नेला.

"अहो मॅडम, चोर शिरतात," विभागप्रमुख म्हणाले. "किल्ली माझ्याच खिशात असते."

"आणि सर, तुम्ही रजेवर असलात तर?"

"तेव्हाच बरी आग लागेल! हे पान काढा, नाहीतर माझी सही विसरा आणि पदवीही."

पंधरा वर्षं हे गृहस्थ आपत्तीवर व्याख्यानं झोडत होते. तिने पान काढलं नाही. उलट त्यांचं उत्तर शब्दशः त्याखाली टाइप केलं आणि प्रबंध पुन्हा समोर ठेवला. त्यांनी पहिल्या पानावर आपलं नाव नीट छापलंय ना, एवढं पाहिलं.

"सुचलं म्हणायचं शहाणपण," म्हणत त्यांनी पुढचं पान न उलटताच सही ठोकली.