भागूबाईचा पलंग

आमच्या तेलुगू राज्याचे दोन भाग झाले त्या वर्षी आमच्या संस्थेचेही झाले. टेबलं वाटली, खुर्च्या वाटल्या, शेवटी बायकाही वाटल्या. नव्या सीमेपलीकडचं एक घर बंद पडलं आणि तिथली जयवंता आमच्या नल्लकुंट्याच्या घरात येणार असं ठरलं.

घर म्हणजे भाड्याच्या तीन खोल्या. मनोरुग्णालयातून बऱ्या झालेल्या, पण घरच्यांनी न नेलेल्या बायका तिथं आपलं आपण रांधून राहतात. नुकतंच ते माझ्याकडे आलं होतं. आठवड्याला जाऊन गोळ्या, झोप, भांडणं बघायची. दार वाजवून मी बाहेर थांबते. घर त्यांचं आहे.

रिकामा पलंग एकच, भागूबाईचा. तो तिथलीच मालनबाई देईना. भागूबाई रोज येते म्हणे. आमचे साहेब मुकुंदराव फोनवर म्हणाले, "भास वाढले असतील तर मालनबाईला परत भरती करा. आजच कळवा." मालनबाईचं सगळं तरुणपण मनोरुग्णालयात गेलं होतं.

सकाळी मी गेले तेव्हा ती जमिनीवर पलंगाला टेकून लसूण सोलत होती.

"तिथं नका बसू ताई. आत्ताच उठली ती."

"गोळ्या घेता ना?"

"घेते की. माझ्या गोळीनं तिला कशी झोप येईल?"

मी खाली जमिनीवर बसले.

"येते कुठून ती?"

"गावाहून. तुमच्याच लोकांनी सांगितलं न्हवं, गावाला गेली म्हणून."

भागूबाई न्यूमोनियानं दवाखान्यातच गेली होती. बायका बिथरतील म्हणून मुकुंदरावांनी 'गावाला गेली' असं सांगायला लावलं आणि परस्पर स्मशानात नेलं.

"मालनबाई, भागूबाई वारली."

"अय्यो, सांगून टाकलं!" शेगडीपाशी उभी असलेली घरातली दुसरी बाई, सत्यवती, ओरडली.

मालनबाईचा हात थांबला नाही. "हौ. ठाऊक हाय मला. पण आमच्यात माणूस गेलं की जलदान करतेत. चार माणसं बसून म्हणतेत, गेली. तिला कुणी म्हणलंच नाही. मग ती आपली येती."

मी विद्यानगरच्या बुद्धविहारात फोन लावला. बौद्धाचार्य नामदेवराव तासाभरात स्कूटरवर आले. मेणबत्ती लावली, त्रिशरण-पंचशील झालं. मालनबाईनं तांब्यातून वाटीत पाणी धरलं. वाटी भरून ताटात सांडली तशी ती म्हणाली, "भागू गेली." आम्हीही म्हणालो. सत्यवती तेलुगूत म्हणाली, "पोयिंदी," आणि तीच रडली.

मुकुंदरावांना कळवलं, "जलदान झालं. पलंग मिळाला."

"अहो, हे रिपोर्टात कसं लिहू?"

"ते तुम्ही बघा."

मालनबाईनं गादीचं एक टोक धरलं. "गच्चीत उन्हाला टाकू. नवी बाई यायची."

मी दुसरं टोक धरायला वाकले. गादीत मधोमध अंगाचा खळगा होता. हात लागला तर कोमट. सकाळपासून आम्ही सगळ्या जमिनीवर बसलो होतो.

मालनबाई माझ्याकडेच बघत होती.

"उचला," मी म्हणाले, "सावकाश."