माजिदाचा एकच शब्द

जैतुनबीने पाटीतला पेरू उचलला, अंगठ्याने देठापाशी हलकेच दाबला आणि न बघताच डावीकडच्या टोपलीत टाकला. डावीकडे आज विकायचे, मधल्या टोपलीत उद्याचे, उजवीकडे परवाचे. भद्रकालीच्या बाजारात तिचा पेरू कधी कच्चा निघाला नाही, की नासका निघाला नाही. हे तुला कळतं कसं, असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "हाताला कळतं," आणि तेवढ्यावर विषय मिटायचा.

उंबऱ्यावर तिची नात माजिदा बसली होती, चौदा महिन्यांची. पेरूची एक फोड तिने चघळून चघळून पार पांढरी केली होती. तिच्या मागे, दाराच्या आत, सून अमिना सुपात तांदूळ निवडत होती. तेवढ्यात पोष्टमन वाल्मीक गल्लीत शिरला, दोन दारं अलीकडे एक कार्ड टाकलं आणि यांच्या दारावरून पुढे निघाला. माजिदा स्वच्छ म्हणाली,

"अब्बा."

वाल्मीक थबकला, कानापर्यंत लाल झाला आणि भराभरा चालू लागला. समोरच्या ओट्यावर कुसाबाई मेथी निवडत होती. तिच्या जिभेला हाड नव्हतंच.

"ऐकलं का, जैतुनबी? पोरीनं बाप शोधला बघा. लय हुशार हाय."

जैतुनबी हसली नाही. तिने मागे वळून पाहिलं. अमिनाने मान खाली घातली होती आणि ती घाईघाईने खडे वेचत होती.

हारुन जैतुनबीचा एकुलता एक मुलगा. देवळाली कॅम्पातल्या एका साहेबाकडे खानसामा होता. साहेबाची बदली क्वेट्याला झाली, तसा तोही थंडीत त्याच्याबरोबर गेला. माजिदा तेव्हा पाच महिन्यांची होती. मे महिना सरता सरता तिकडे भूकंप झाला. मशिदीबाहेर कुणीतरी वर्तमानपत्र वाचून दाखवलं, की हजारो माणसं झोपेतच गेली. कॅम्पात चौकशी केली, तर कुणालाच काही माहीत नव्हतं. पत्र नाही, तार नाही. सुरुवातीला अमिना कडी वाजली की पोरीला कडेवर घेऊन धावायची, "अब्बा आले का बघू" म्हणायची. दोन महिने जैतुनबीने ते सोसलं. मग एके दिवशी तिने मुलाच्या चपला माळ्यावर टाकल्या आणि सुनेला बजावलं, की या घरात आता तो शब्द निघायचा नाही. "माझ्यापुरता तो गेला," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती पाटी घेऊन बाजारात बसली. लोक म्हणाले, बाई दगडाची आहे. तिला ते बरंच वाटलं.

आणि आता हे. पोरीच्या तोंडून पहिला शब्द फुटला तो हा, आणि तोही परक्या पुरुषाला बघून! आग लागल्याशिवाय धूर निघत नाही, असं जैतुनबीचं मन म्हणू लागलं. रात्रभर ती तळमळली. सकाळी चांदवडचा एक गाडीवान कांदा घेऊन आला होता, त्याच्याबरोबर तिने अमिनाच्या भावाला निरोप धाडला: शुक्रवारी ये आणि बहिणीला घेऊन जा. अमिनाला तिने एवढंच सांगितलं, की चार दिवस माहेरी राहून ये. चार दिवस म्हणजे किती, ते दोघींनाही कळलं होतं.  अमिनाने पोरीची दोन झबली धुऊन वाळत घातली.

शुक्रवारला तीन दिवस होते. जैतुनबीने बाजार बुडवला, पाय मुरगळल्याचं निमित्त केलं आणि ओसरीवर ठाण मांडलं. पाळत ठेवायची आणि सुनेचं पाप तिच्या पदरात घालायचं, असा तिचा बेत होता.

पण पहिल्याच दुपारी गाडं अडलं. रस्त्यावर घुंगरांचा टांगा थांबला आणि माजिदा म्हणाली, "अब्बा." टांग्यातून एक म्हातारी उतरली. मग वाऱ्याने दाराची कडी वाजली. पोरगी कडीलाही अब्बाच म्हणाली. संध्याकाळी शेजारच्या भिंतीवर कुणाची तरी खाकी पँट वाळत होती, तीही अब्बा.

जैतुनबीला आधी हायसं वाटलं आणि मग धास्ती. पोरगी खुळी तर नाही? तिने पोरीला कडेवर घेतलं आणि भिंतीवरच्या फोटोसमोर नेलं. पांढरा अंगरखा, पांढरा फेटा, साहेबाच्या टेबलामागे ताठ उभा हारुन. माजिदाने काचेवर बोट ठेवलं, काचेतल्या उजेडाशी खेळली आणि मुकाट राहिली. शेजारचे रहेमानचाचा दिवसातून दोनदा येऊन तिला खांद्यावर नाचवायचे. चांगली दाढी, चांगला पुरुषाचा आवाज. त्यांना ती कधी अब्बा म्हणाली नाही. तेलवाला दारात येऊन गल्ली दणाणून सोडायचा, त्यालाही नाही.

मग जैतुनबी हट्टाला पेटली. आयुष्यभर फळं निवडलेली बाई, ही चार फळं कुठल्या टोपलीतली ते तिला लावता येईना. खाकी म्हणावं, तर कडी खाकी नाही. आवाज म्हणावा, तर पँटला आवाज नाही. पुरुष म्हणावा, तर टांग्यातून उतरली म्हातारी. दोन दिवस तिने डोकं खाजवलं. पोरगी मात्र एकदाही चुकत नव्हती. कडीला दर वेळी म्हणायची, तेलवाल्याला एकदाही नाही. जो चुकत नाही त्याच्याकडे काहीतरी खूण असते, एवढं जैतुनबीला धंद्याने शिकवलं होतं.

गुरुवारी दुपारी ते उलगडलं. वाल्मीक गल्लीत आला. जैतुनबीने या वेळी त्याच्याकडे पाहिलंच नाही, फक्त पोरीकडे पाहिलं. आणि तिच्या ध्यानात आलं, की पोरगीही त्याच्याकडे बघत नाही. ती आईकडे बघते आहे.

अमिना परातीत पीठ मळत होती. पावलं ऐकू आली तसे तिचे हात थांबले. मान जराशी वर झाली. श्वास आत गेला तो आतच राहिला. वाल्मीक दारावरून पुढे गेला, श्वास सुटला, हात पुन्हा पिठात चालू लागले. सगळं मिळून डोळ्याचं पातं लवायला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ. हे आपण केलं, असं अमिनालाही कळलं नसावं.

"अब्बा," माजिदा म्हणाली.

 जे आलं की आईचे हात थांबतात, ते अब्बा. पत्र आणणारा माणूस, स्टेशनावरून येणारा टांगा, कडी, हारुनच्या पँटसारखी पँट. बापाचं तोंड ती केव्हाच विसरली होती. घरात तो शब्द तीन महिने कुणी उच्चारला नव्हता. अजून भिंत धरून चालणाऱ्या, मातीही तोंडात घालणाऱ्या या एवढ्याशा जिवाने, कुणी न शिकवता, अख्ख्या जगाची निवड केली होती आणि दोनच टोपल्या केल्या होत्या. या अल्लाह, केवढी ही कारागिरी! जैतुनबी पोरीच्या त्या इवल्या डोक्याकडे बघत राहिली. त्यावर धड केसही नव्हते.

संशय गेला. स्वतःची तिला लाज वाटली. पण निरोप तिने परत घेतला नाही. उलट तिला वाटलं, की जाऊच दे. या दारात, या कडीशी बसून अमिना झिजून जाईल. माहेरी निदान कडी तरी दुसरी असेल. माझं काय, मी कधीच मन आवरलं आहे.

संध्याकाळी अमिना नळावर पाण्याला गेली. जैतुनबी नातीला मांडीवर घेऊन दूधभात भरवत होती. चिऊचा घास, काऊचा घास. उद्या या वेळी हे तोंड इथे नसेल, हा विचार ती बोटांनी भाताबरोबर चिरडत होती. बाहेर कडी वाजली.

माजिदाने आ केला होता, तो मिटला. ती दाराकडे वळली नाही. आजीच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली आणि मग म्हणाली,

"अब्बा."

जैतुनबीने पाहिलं. घास तिच्याच बोटांत, पोरीच्या तोंडापासून वीतभर अलीकडे थांबलेला होता.

दारात अमिना उभी होती, कमरेवर हंडा घेऊन. तिने तो शब्द ऐकला होता, तो थांबलेला हातही पाहिला होता. जैतुनबीला हात खाली घ्यायचं सुचलं नाही.

"उद्या भाऊ येईल त्याला जेवू घाल," ती शेवटी म्हणाली, "आणि एकट्यालाच परत धाड."

"काय सांगू त्याला, अम्मा?"

जैतुनबीने घास पोरीच्या तोंडात दिला आणि बोटांना लागलेली शितं निपटून काढली.

"सांग, अम्माला एकटीनं वाट बघणं जमत नाही."