परसातलं अळू

सुचेताताईंनी खुरपं मातीत खुपसलं आणि अळूचा शेवटचा गड्डा हिसकून वर काढला. सात वाजले होते. साडेदहाला सर्वेवाली मुलगी येणार होती, आणि मोरीच्या पाण्यावर एकोणीस वर्षं पोसलेला हा वाफा इथे कधी नव्हताच, असं तिला दिसायला हवं होतं. त्यांनी पानं, देठ, गड्डे सगळं पोत्यात कोंबलं, पोतं जिन्याखाली ढकललं आणि उघड्या पडलेल्या मातीवर झेंडूच्या चार कुंड्या आणून मांडल्या. अळूचा चीक हातांना लागला होता. मनगटापासून खाज सुटली.

"अळू उपटलंस?" नीळकंठराव चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभे होते. "आता गणपतीत भोपाळच्या समस्त मराठी मंडळींनी पालकाच्या वड्या खायच्या की काय?"

"खा म्हणावं."

नीळकंठराव बरखेड्याच्या कारखान्यात छत्तीस वर्षं यंत्रांचे आवाज ऐकून निवृत्त झाले होते. कुठल्या आवाजापुढे बोलायचं नाही ते त्यांना कळत होतं. ते आत गेले.

भिंतीपलीकडे, गोविंदपुऱ्याच्या टोकाला, जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची एक शेड होती. ती बंद पडून सात वर्षं झाली, पण शिसं कुठे जातंय? ते इथल्या मातीतच मुक्कामाला राहिलं. आता ही माती उपसून नवी भरायला सरकारी निधी मंजूर झाला होता, तोही यंदा एकाच गल्लीपुरता. यांची गल्ली की पलीकडची, ते यादीवर ठरणार होतं. जिथलं शिसं भाजीपाल्यातून जास्त माणसांच्या पोटात गेलं असेल, ती गल्ली आधी. यादीतल्या मुलांची रक्ततपासणी आणि औषधपाणीही सरकारच करणार. राहिलेली गल्ली पुढच्या टप्प्यात. पुढचा टप्पा म्हणजे काय, ते भोपाळमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आज यादीचा शेवटचा दिवस होता.

घरोघरी वाटलेल्या पत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं, की इथल्या मातीतली पालेभाजी खाऊ नये, लहान मुलांनी आणि गरोदर बायकांनी तर मुळीच नाही, शिशाने मुलांची वाढ आणि बोलणं मागे पडू शकतं. आठ दिवसांपूर्वी सुचेताताईंनी ते वाचलं, घडी घालून देवघराच्या खणात ठेवलं, आणि तेव्हापासून त्यांच्या डोळ्यांसमोर एकच डबा येत होता. नऊ नंबरातल्या प्रियाकडे जाणारा.

प्रिया ग्वाल्हेरची, आई लहानपणीच गेलेली. तिचं डोहाळजेवण सुचेताताईंनीच केलं होतं, आणि पोरीला डोहाळे तरी कसले, तर अळूच्या फदफद्याचे. हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, वरून चिंचगूळ. आठवड्यातून दोनदा डबा जायचा. पुढे जुई झाली, भात कालवून खायला लागली, तरी डबा चालूच राहिला. जुई आता तीन वर्षांची होती आणि अजून धड एक शब्द बोलत नव्हती. बोलेल हो, काही मुलं उशिरा बोलतात, असं सगळ्यांत जास्त वेळा सुचेताताईच म्हणाल्या होत्या.

खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे खाऊ घालणारीलाच खवखवत होतं. त्यांनी हातांना चिंचेचं पाणी चोळलं, पण खाज काही जाईना.

साडेदहाला मानसी आली. इंदूरची मराठी मुलगी, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट.

"काकू, घरी भाजी वगैरे लावता काही?"

"नाही गं. झेंडू आहे."

"पहिले कधी लावली होती?"

"नाही."

मानसीने पडद्यावर बोट टेकवलं. खोटं बोलणं इतकं सोपं गेल्याचीच सुचेताताईंना भीती वाटली. त्यांनी हात पदराखाली घेतले आणि पदराआडून खाजवत राहिल्या.

"चला, झालं तुमचं." मानसीने पाण्याचा पेला रिकामा केला. "खरं सांगू काकू? तुमची गल्ली नाही येत यंदा. सगळे नाहीच म्हणून राहिलेत. एका घरी छोटी मुलगी आहे, बोलत नाही अजून. तिच्यासाठी मी दोन वेळा विचारलं. तर मम्मी म्हणते, पालेभाजी आम्ही खातच नाही, आणि कोणी दिली पण नाही. मग तिचं नाव कसं टाकू मी?"

सुचेताताईंचा हात थांबला. गल्लीत न बोलणारी मुलगी एकच होती.

गेल्या शुक्रवारी प्रियाने डबा परत केला होता. नेहमीसारखा रिकामा नाही, तळाशी साखर घालून. पुढच्या आठवड्यात नका पाठवू काकू, ग्वाल्हेरला जातेय, म्हणाली होती. ती गेली कुठेच नव्हती. रोज संध्याकाळी तिच्या गच्चीवर कपडे वाळताना दिसत होते, आणि ते पाहूनही सुचेताताईंच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. पत्रक तिनेही वाचलं होतं. आपल्याला बोल लागू नये म्हणून या पोरीने पोटच्या लेकीचं नाव यादीबाहेर ठेवलं होतं. सुचेताताईंना भडभडून आलं, आणि स्वतःची लाज वाटली.

त्या उठल्या, जिन्याखालचं पोतं ओढत आणलं आणि मानसीच्या पायांपाशी उपडं केलं.

"ते नाही म्हटलं ना मी, ते खोड. एकोणीस वर्षं लावलंय हे. कुणाकुणाला दिलं, ते सांगते. लिही."

मानसीने पानांकडे पाहिलं, मग त्यांच्या हातांकडे. तिने टॅबलेट पुन्हा उघडला.

"आधी आम्हा दोघांची नावं घाल," नीळकंठराव आतून म्हणाले. "सगळ्यांत जास्त मीच खाल्लंय."

मग चार नंबरचे सदाशिवराव, वैजयंती आणि तिची दोन मुलं, मिसरोदला राहायला गेलेले आधीचे शेजारी. सुचेताताई एकेक नाव घेत होत्या. प्रत्येक नावाबरोबर कुठलं तरी हळदीकुंकू, कुठली तरी मंगळागौर आठवत होती, आणि पानं मोजून कागदात गुंडाळणारे स्वतःचेच हात. चाळीस नावं झाली. शेवटचं त्यांनी हळूच सांगितलं.

"तिथे मम्मीची सही लागेल, काकू. त्यांनी आधी नाही म्हटलंय."

"चल."

नऊ नंबरचं दार प्रियाने उघडलं. आधी मानसी दिसली, मग मागे सुचेताताई, कोपरापर्यंत लाल झालेले हात घेऊन. तिला विचारावं लागलं नाही.

"कशाला सांगितलंत काकू?"

"तू कशाला लपवलंस?"

प्रिया चौकटीला टेकली. "तुम्हाला कळलं असतं, तर तुम्ही परत आमच्या दारात आला नसतात."

"आलेय ना," सुचेताताई म्हणाल्या. "सही कर."

प्रियाने सही केली. रक्ताचा नमुना सोमवारी घेऊ, असं मानसीने सांगितलं, आणि शिसंच कारण असेल असं काही नाही, हेही दोनदा सांगितलं. तेवढ्यात आतून जुई धावत आली. सुचेताताई आल्या म्हणजे डबा आला, हे तिला पक्कं ठाऊक होतं. डबा दिसेना, तेव्हा तिने त्यांचा हात धरायला आपला हात पुढे केला.

सुचेताताईंनी हात झटकन मागे घेतला. नखांत अजून वाफ्यातली माती होती.

"थांब गं राणी," त्या म्हणाल्या, "आधी धुऊन येते."

अंगणातल्या नळाखाली त्या हात चोळत राहिल्या. मागे वळून पाहिलं, तर जुई हात तसाच पुढे धरून उभी होती.