एवढी काही जाड नाहीस!

मुलुंडच्या घाडींच्या घरात निधीने भाताचा दुसरा डाव वाढून घेतला की शुभाताईंचं तोंड सुरू व्हायचं.

"अजून भात? कुठे साठवतेस गं एवढं?"

निधी एकतीस वर्षांची. साकीनाक्याला एका कुरिअर कंपनीत मालाच्या पाठवणीचं काम बघायची. दिवसभर ड्रायव्हर लोकांशी आवाज चढवून बोलणारी ही मुलगी घरच्या जेवणाच्या टेबलावर मात्र मान खाली घालून बसायची. वडील, चंद्रप्रकाश, आमटीचा भुरका मारत गप्प. बायकोच्या तोंडाला लागायचं नाही, हा त्यांचा संसाराचा जुना नियम.

शुभाताई वाईट नव्हत्या. लेकीला ताप आला तर रात्रभर उशाशी बसतील. पण लेकीचं अंग त्यांच्या डोळ्यांत सलायचं. लग्नाकार्यात नातेवाईक विचारत, "काय गं, निधी अजून तशीच?" आणि शुभाताईंना वाटे, हा प्रश्न निधीला नाही, आपल्यालाच विचारलाय. मग दुधीचा रस झाला, मेथीचं पाणी झालं, सूर्यास्तानंतर जेवण बंद झालं, जिम झालं. वजन उतरायचं आणि परत यायचं. परत आलं की दोष एकटीचा. "जिद्द नाही तुझ्यात!" हे वाक्य तर त्या घरात मिठासारखं वापरलं जायचं.

आणि एक गोष्ट होती, जी घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हती. निधीला ऐन पंचविशीत मधुमेह झाला होता. गोळ्या वाढत गेल्या, मग इन्सुलिनचं इंजेक्शन आलं. शुभाताईंनी सक्त ताकीद दिली होती, "कुणाला सांगायचं नाही. स्थळं फिरतील." त्यामुळे घरी पाहुणे असले की निधी बाथरूममध्ये जायची, कडी लावायची आणि कमोडच्या झाकणावर बसून पोटाला सुई टोचून घ्यायची.

त्या रविवारी जोगेश्वरीहून सुशांत नावाच्या मुलाकडची माणसं आली. मुलगा बरा होता, शांत होता. बोलायचं काम त्याच्या आईने, मालनबाईंनी घेतलं होतं. उपमा खाऊन झाला, ओळखीपाळखी निघाल्या, आणि मालनबाई हसत म्हणाल्या, "मुलगी गोड आहे हो. जरा अंगाने भरलेली आहे, एवढंच. लग्नापर्यंत थोडं कमी केलंत तर फोटो छान येतील."

"करतेय ना! डाएट चालूच आहे तिचं," शुभाताई घाईघाईने म्हणाल्या.

निधीने हातातली बशी खाली ठेवली.

"काकू, डाएट नाही. मला मधुमेह आहे. इन्सुलिन घेते मी. आणि वजन कमी करायच्या ऑपरेशनचा विचार करतेय. फोटोसाठी नाही, साखरेसाठी."

मालनबाईंचे डोळे मोठे झाले.

"ऑपरेशन? अगं, एवढी काही जाड नाहीस तू!"

"आत्ताच तर कमी कर म्हणालात," निधी म्हणाली.

सुशांत काहीतरी बोलणार होता, पण त्याच्या आईने पर्स उचलली. चहा तसाच राहिला.

दार लागलं आणि शुभाताईंचा बांध फुटला.

"वाट लावलीस! सगळ्यांसमोर नाक कापलंस माझं! तोंडाला आवर घालता येत नाही म्हणून पोट कापून घेणार? आळशी लोकांचे धंदे आहेत ते! ती शंभर-सव्वाशे किलोची माणसं करतात ऑपरेशन. तू काय तेवढी आहेस?"

"तुझं नक्की काय ते ठरव ना आई. जेवताना मी म्हैस असते आणि डॉक्टरकडे निघाले की बारीक होते!"

"उलट बोलू नकोस!"

"बोलणार. हेच ऑपरेशन मी लग्नासाठी करते म्हटलं असतं ना, तर तूच हात धरून घेऊन गेली असतीस. आजारासाठी म्हटलं तर तुझी लाज जाते." निधी आईच्या समोर येऊन उभी राहिली. "डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले मी. पडद्यावर बदल दिसायला लागलेत. ऐकतेयस का?"

शुभाताईंनी ते ऐकलंच नाही, असं म्हणणं खोटं होईल. ऐकलं, आणि भांडी आपटत स्वयंपाकघरात निघून गेल्या.

पुढचे दिवस घरात नुसतं युद्ध. मायलेकी एकमेकींशी बोलेनात. गुपित तर फुटलंच होतं, तेव्हा शुभाताई मात्र फोनवर सगळ्या गोतावळ्याशी बोलत होत्या, आणि गोतावळ्याला तोंडी लावायला विषय मिळाला होता. कुणी म्हणालं, डॉक्टर लुटायला बसलेत. कुणी म्हणालं, आमच्या वेळी विहिरीचं पाणी शेंदायचो, कुठे होती चरबी? एका चुलतबहिणीने तर निधीलाच मेसेज टाकला, 'रोज दहा हजार पावलं चाल, नाटकं बंद कर.' निधीच्या साखरेचा आकडा किती, हे मात्र यातल्या एकानेही विचारलं नाही. आपण तरी कुठे विचारतो?

शेवटी शुभाताई घाटकोपरला आपल्या थोरल्या भावाकडे गेल्या. धोंडिराममामाचा शब्द निधी खाली पडू देत नसे. दादाने एकदा दटावलं की पोरगी वठणीवर येईल, असा त्यांचा हिशेब.

धोंडिराम जुना वायरमन. मिल बंद पडल्यावर इमारती-इमारतींतून वायरिंगची कामं करून त्याने संसार उभा केला. आता त्याला दिसत नव्हतं. उजेड-अंधार तेवढा कळायचा. खिडकीशी खुर्ची टाकून तो बसला होता. शुभाताईंनी सगळं सांगितलं, रडून घेतलं, आणि म्हणाल्या, "दादा, तू सांग तिला. तुझं ऐकेल."

मुंबईत जन्म गेला तरी त्याची मालवणी सुटली नव्हती.

"शुभा, माका एक सांग. मी कधी जाडो होतंय?"

"तू? तू तर पहिल्यापासून काडी."

"मगे माझे डोळे कशान गेले?"

शुभाताई चाचरल्या. "साखरेने."

"माका कोण हसाक नाय गो. धोंडू कसो सडपातळ, म्हणान सगळ्यांनी कौतुक केल्यानी. माका पण वाटला, आपणाक काय होवचा नाय. तहान लागा होती, पायांक मुंग्यो येयत, मी आपलो चाय पीत रवलंय. डॉक्टराकडे गेलंय तेव्हा उशीर झाललो." त्याने मान बहिणीच्या आवाजाकडे वळवली. "तू त्या चेडवाच्या अंगाकडे बघतंस. मालनबाई पण अंगाकडेच बघता. तिच्या दुखण्याकडे कोण बघतलो?"

"पण ऑपरेशन रे दादा! पोटावर सुरी!"

"ता करूचा की नाय, ता माका कळना नाय. तुका तरी खय कळता? मगे ज्याका कळता त्याका जाऊन इचार. तिका एकटीक धाडू नको, वांगडा जा. पण भांडाक नको, आयकाक जा."

शुभाताई निधीबरोबर गेल्या खऱ्या, पण ऐकायला नाही. भांडायलाच. हे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर संघमित्रा गायकवाड यांच्या खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी तोफ डागली.

"डॉक्टर, हिला सांगा तोंड बंद ठेव म्हणून. बारीक व्हायला कुणी पोट कापून घेतं का?"

डॉक्टर पन्नाशीच्या, केस आखूड, बोलणं सरळ. त्यांनी विचारलं, "मी हिला बारीक करणार आहे, असं कोण म्हणालं तुम्हाला?"

शुभाताई गडबडल्या. "मग?"

"ह्या ऑपरेशनमध्ये जठर लहान होतं, हे तुम्ही ऐकलं असेल. पण त्याबरोबर भूक आणि साखर सांभाळणारे शरीरातले हार्मोन्सही बदलतात. वजन उतरतं, पण आम्हाला निधीच्या बाबतीत हवी आहे ती साखर आटोक्यात."

"पण ही कुठे तेवढी जाड आहे? हिच्या दुप्पट बायका आमच्या सोसायटीत गरबा खेळतात! त्यांना नाही साखर!"

"अगदी बरोबर बोललात," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणूनच नुसतं डोळ्यांनी बघून ठरवायचं नाही. उंचीच्या मानाने वजन किती, त्याला बीएमआय म्हणतात. पूर्वी तो पस्तीस-चाळीसच्या वर असला तरच ह्या ऑपरेशनचं नाव काढायचे. निधीचा एकतीस आहे. पण आपल्याकडच्या माणसांत चरबी पोटाभोवती साठते आणि वजन फार नसतानाही मधुमेह पकडतो. म्हणून औषधांनी साखर हटत नसेल, तर आता बीएमआय तीसच्या आसपास असला तरी विचार करतात. विचार करतात म्हणतेय मी, सरसकट करतात असं नाही."

मग त्यांनी दुसरी बाजूही लपवली नाही. जन्मभर जीवनसत्त्वाच्या गोळ्या, वेळोवेळी रक्ताच्या तपासण्या. ऑपरेशन म्हटलं की धोका आलाच. काही जणांची साखर काही वर्षांनी पुन्हा वर जाते. वजन आणि साखर उतरवणाऱ्या नव्या औषधांची इंजेक्शनं निधीने आधी घेऊन पाहिली होती, पण उलट्यांनी बेजार झाली म्हणून सोडावी लागली. "नुसतं दिसण्यासाठी आली असती तर मी परत पाठवली असती," डॉक्टर म्हणाल्या. "आणि अजून तिने हो म्हटलेलं नाही. निर्णय तिचा आहे. माझा नाही, तुमचाही नाही."

शुभाताईंकडे शेवटचं हत्यार उरलं होतं. "जिद्द असती तर ही वेळच आली नसती!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"घाडीबाई, जी मुलगी वर्षानुवर्षं रोज स्वतःला सुई टोचून घेते, आणि तीही बाथरूममध्ये लपून, तिच्यात जिद्द नाही म्हणता? आजारी माणसाला लपायला लागावं, ह्यापेक्षा वाईट काय असतं सांगा मला. साखरेने जेवढी माणसं खराब होतात ना, तेवढीच लाजेने होतात. उशिरा येतात माझ्याकडे. सांगायचं कुणाला, म्हणून उशिरा येतात!"

हे शुभाताईंना नेमकं झोंबलं. लपायला कुणी सांगितलं होतं? मालनबाईंनी नाही, सोसायटीने नाही. त्यांनी स्वतः! कडी लावल्याचा तो आवाज त्यांनी कितीदा ऐकला होता, आणि ऐकून सुटकेचा निःश्वास टाकला होता. आणि दादा? तोही असाच एकटा अंधारात गेला होता. आता त्याच वाटेवर आपण पोटच्या पोरीला ढकलत होतो!

बाहेर आल्या तेव्हा दुपार झाली होती. दोघी स्टेशनजवळच्या उडुपी हॉटेलात शिरल्या. इडली सांगितली. निधीने पर्समधून इन्सुलिनचं पेन काढलं आणि सवयीप्रमाणे वॉशरूमकडे जायला उठली.

"बस," शुभाताई म्हणाल्या.

"अगं, जेवणाआधी घ्यायचंय."

"माहीत आहे. इथेच घे."

"आई, लोक बघतील."

"बघू देत ना. बघून काय आपली इडली खाणार आहेत?"

निधी क्षणभर आईच्या तोंडाकडे बघत राहिली. मग खुर्चीवर बसली, कुर्ता जरासा वर केला आणि सुई टोचली. शेजारच्या टेबलावरच्या बाईने मान वळवली. शुभाताईंनी त्या बाईवर असे काही डोळे वटारले, की ती बिचारी आपल्या डोशात परत गेली. निधीला हसू आलं, आणि हसता हसता रडूही.

"मी तुला फार बोलले गं," शुभाताई हळूच म्हणाल्या.

"हो. बोललीस," निधी म्हणाली. खोटं सांत्वन तिने केलं नाही.

निधीने घाई केली नाही. दुसऱ्या एका डॉक्टरांचंही मत घेतलं, सगळ्या तपासण्या केल्या, ऑपरेशन झालेल्या दोघीतिघींना भेटली आणि मगच हो म्हणाली. ऑपरेशन नीट झालं. पुढचा काळ मात्र सोपा गेला नाही. चमचा-चमचा पेज, मळमळ, मग केसांचे पुंजके कंगव्यात. एकदा तर ती चिडून ओरडली, "कशाला केलं मी हे!" शुभाताई पेजेची वाटी घेऊन तिच्याजवळ बसून राहिल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्यासाठी ते किती कठीण होतं, ते चंद्रप्रकाशांनाच ठाऊक!

वर्ष सरत आलं तेव्हा इन्सुलिन सुटलं होतं. एक गोळी तेवढी चालू होती. डोळ्यांच्या पडद्यावरचे बदल वाढले नव्हते. हे कायम असंच राहील, असा शब्द डॉक्टरांनी दिला नव्हता आणि निधीने मागितलाही नव्हता. वजनही उतरलं होतं, पण ती काही नाजूक वगैरे झाली नव्हती.

एका संध्याकाळी सोसायटीच्या गेटपाशी शेजारच्या माधुरीने शुभाताईंना गाठलंच. माधुरी रोज चालायला जाणारी, शिडशिडीत.

"काय गं शुभा, ऑपरेशन करूनही निधी एवढीच बारीक? मग उपयोग काय झाला?"

"उपयोग?" शुभाताईंचा आवाज चढला. "तिचं इन्सुलिन सुटलं! तिचे डोळे शाबूत आहेत! तुला तिची कंबर दिसली, हे दिसलं नाही? लाज वाटायला हवी आपल्याला, माधुरी. मलाही. मी तर सख्खी आई असून तेच मोजत बसले होते!"

आजूबाजूच्या दोघीतिघी थांबल्या. माधुरीचा चेहरा पडला. शुभाताई निघाल्या, तशी ती मागोमाग आली आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "कुणाला सांगू नकोस हं. माझीही साखर वाढलीय. घरी बोलले नाहीये. मी तर जाडही नाही गं!"

"का नको सांगू?" शुभाताई तिथेच उभ्या राहिल्या. "तूच सांग. आज घरी सांग, उद्या डॉक्टरकडे जा. सोबत हवी तर मी येते."

दुसऱ्या दिवशी त्या खरंच गेल्या, माधुरीला घेऊन.

मंडळी, ऑपरेशन करावं की करू नये, हे ज्याचं त्याने आणि त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं. सगळ्यांना ते लागत नाही, सगळ्यांना ते झेपतही नाही. पण आजार वजनकाट्यावर उभा राहून ओळखता येत नाही, आणि टोमण्याने आजवर कुणाची साखर उतरलेली नाही. जाड माणसाला आळशी ठरवून आणि सडपातळ माणसाला ठणठणीत समजून आपण दोघांचाही घात करतो. तेव्हा यापुढे कुणाच्या ताटाकडे बघून जीभ सुटू लागली, तर ती जरा आवरा, आणि त्याच जिभेने एवढंच विचारा, "तब्येत कशी आहे तुझी?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा.