गिरजाबाईंनी निवडलेले जव

या, जरा जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढं या. ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. टेक्सासातल्या फ्रिस्कोची आहे. एका आईला तिच्याच जिभेनं कसं फसवलं, त्याची.

शनिवारची सकाळ. गॅरेजमध्ये प्रितम स्टुलावर बसलेला, पुढ्यात दोन पिशव्या. त्याची आई, गिरजाबाई, नुकत्याच नागपूरहून राहायला आलेल्या. नातीला, आन्याला, शोधत त्या तिकडे आल्या आणि पिशव्यांपाशीच थबकल्या.

"काय रे हे? गहू?"

"जव आहेत, आई. मोड आणून वाळवलेले."

"अगं बाई! म्हणजे सत्त्वाचे?"

नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवून दळायची. प्रितम त्या सत्त्वावरच तर वाढला होता.

"हं, तसंच काहीतरी." प्रितम आईकडे न बघता म्हणाला. खोटं बोलणाऱ्याची मान अशीच खाली जाते, नाही का? "कुठले घ्यायचे तेच डिसाइड होत नाहीये. चावून सांगतेस? हे इथले, आणि हे इंग्लंडचे."

गिरजाबाईंनी चार दाणे दाढेखाली धरले. "हे नुसतेच गोड. गरीब बिचारे." मग दुसऱ्या पिशवीतले. चावता चावता त्यांचे डोळेच मिटले. "हे बघ! खरपूस, बिस्किटासारखे. हेच घे. आन्या वाटी चाटूनपुसून खाईल."

दारात सून जागृती उभी होती, ती खळखळून हसली. "अहो आई, आन्याला कुठे देताय! बिअरचे आहेत ते. पेल एल नावाची बिअर बनवतोय हा घरी. आणि तुम्ही तर मॉल्ट, म्हणजे हे मोडाचे जव, पाससुद्धा केलंत!"

घास गिळून झाला होता. थुंकायलाही काही उरलं नव्हतं.

गिरजाबाईंचे यजमान पंडितराव वीज मंडळात लाइनमन होते. खांबावर ज्यांचा हात कधी थरथरला नाही, त्यांना शेवटी चहाची बशी धरवेना. दारूची बाटली तांदळाच्या कोठीत लपवायचे. रोज त्याच कोठीत हात घालून गिरजाबाई तांदूळ काढायच्या, आणि फार उशिरापर्यंत त्यांना पत्ता नव्हता.

"आई, बिअर आहे ती. दारू नव्हे," प्रितम म्हणाला. "इथं सगळेच घेतात."

"तुझे बाबाही हेच म्हणत. सगळेच घेतात, गिरजा."

"मी जॉब करतो, आन्याला बघतो. मला कधी तसं पाहिलंस?"

"त्यांनाही आधी कोणी पाहिलं नव्हतं बाळा."

संध्याकाळी मायलेक वंदनेला बसले. बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावली. प्रितमनं आईच्या आवाजात आवाज मिसळून पंचशीलातली चार शीलं म्हटली. पाचवं आलं, नशेपासून दूर राहण्याचं, आणि त्याचा आवाज थांबला. ते गिरजाबाईंनी एकट्यांनीच म्हटलं. बुद्धापुढं पोरगं खोटं बोललं नाही, याचा त्यांना अभिमान वाटला. आणि त्याच क्षणी भीतीही वाटली.

उठताना त्या एवढंच म्हणाल्या, "तुला अडवायला मी पुरी पडणार नाही. पण लपवू नको. पिशील तेव्हा माझ्यासमोर पी."

"ओके, आई."

काही आठवड्यांनी बिअर तयार झाली. दुपारी जेवणाच्या टेबलावर प्रितमनं ग्लास भरला. गिरजाबाई समोर येऊन बसल्या, पाठ ताठ, हात मांडीवर. त्या ग्लासाकडे बघत नव्हत्या. ग्लास धरलेल्या बोटांकडे बघत होत्या.

"चांगली झालीय," प्रितम ओशाळून म्हणाला. "तू सांगितलेलेच जव घेतले होते."

त्यांनी मान हलवली. 

ग्लास संपला. आता उठेल, विसळून ठेवेल, असं त्यांना वाटलं. प्रितमनं आईकडे पाहिलं, किंचित थांबला आणि दुसरा भरला.

गिरजाबाई उठल्या नाहीत. समोर पी म्हणून त्यांनीच सांगितलं होतं. त्यांनी फक्त खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.

तर मायबापहो, घरोघरी दिवा लावाल, हात जोडाल, तेव्हा घटकाभर गिरजाबाईंची आठवण ठेवा. बाई अजून तिथंच बसली आहे.