नत्थुजींचा नंबर

"वर्षालीताई, आमची स्क्रीन काहून लाल झाली? एकही एन्ट्री घेऊन नाई राह्यली. दारात वीस मानसं उभी हायेत!"

परतवाड्याच्या सेंटरवरचा गोपाल फोनवर ओरडत होता. अमरावतीच्या मुख्य लॅबमध्ये, एकेकाळी कोठी असलेल्या बिनखिडकीच्या खोलीत बसून वर्षाली म्हणाली, "मीच थांबवली. मांगचं साचलेलं निघू दे, मंग सुरू होईन."

तिने फोन ठेवला. अकरा वर्षांच्या नोकरीत स्वतःच्या मनाने केलेली ही पहिलीच गोष्ट होती.

काम तसं सोपं. परतवाडा, तिवसा, सेमाडोह, कुठूनही आलेल्या रक्ताची तपासणी मशीन झटक्यात करी. पण नागपूरच्या डॉक्टरांची सही होईपर्यंत रिपोर्ट संगणकात बंद राहत, वर्षालीलाही दिसत नसत. डॉक्टर दिवसाला दीडशे सह्या करत. रांगा दोन, तातडीची आणि साधी. तातडीची संपली की मगच साधी. आणि चारशे रिपोर्ट साचले की सॉफ्टवेअर आपणहून सगळ्या सेंटरांना थांबवी. पुढे जागा झाली की मगच नवीन घ्या.

व्यवस्था शहाणी होती, माणसं मात्र आपल्याकडची! "घरचाच मानूस हाय, तातडीत टाक," म्हटल्यावर नाही म्हणायची कोणाची छाती? आत्तेभाऊ तातडीचा, शेजारी तातडीचा, शेजाऱ्याचा व्याही तर त्याहून तातडीचा. बघता बघता अर्धा जिल्हा तातडीत जाऊन बसला. सेंटरं वरचेवर थांबू लागली, तेव्हा मालक पंजाबरावांनी वर्षालीला चारशेची मर्यादा चार हजार करायला लावली. लाल स्क्रीन गेली, सगळे खूश झाले. साध्या रांगेपर्यंत डॉक्टर पोचेनासे झाले, ते मात्र कोणाला दिसलं नाही.

त्या साध्या रांगेत नऊ दिवसांपासून नत्थुजी उभे होते. तिवस्याचे भाजीवाले, वर्षालीचे वडील. पायांवर सूज, तोंडाची चव गेलेली. रिपोर्ट आल्याशिवाय औषध बदलता येणार नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. रक्त देताना सेंटरवाल्याने विचारलंही होतं, "पोरगी तुमची तिथंच हाय, तातडी लिहू?" तर हे म्हणाले, "नको बापा. पोरगी तिथं हाय म्हनून लोकायच्या म्होरं घुसू काय? साधं लिही." बाजारात बसायच्या जागेवरूनसुद्धा हा माणूस कधी कोणाशी भांडला नव्हता. वर्षालीला त्यांचा रागही येई आणि अभिमानही वाटे.

म्हणून आज सकाळी तिने मर्यादा पुन्हा चारशेवर आणली होती. दोन-तीन दिवस नवीन येणं थांबलं, तर तातडीची रांग संपेल आणि साध्यांचा नंबर लागेल. बाबांचाही लागेल, सगळ्यांसारखाच. दोन-तीन दिवस कोण थांबू देणार होतं, हा विचार तिने मुद्दामच केला नव्हता.

चाळीस मिनिटांत पंजाबराव दारात उभे. "वर्षाली, काय करून राह्यली तू? गिऱ्हाईक वापस जाऊन राह्यलं!"

"सर, साध्यातले लोक नऊ-नऊ दिवसांपासून पडून हायेत. थोडं थांबू द्या. नाईतर आनखी एक डॉक्टर तरी घ्या."

"डॉक्टर काय झाडाले लागते? अन् एवढं कोनाचं अडलं?"

ती स्क्रीनकडे बघत म्हणाली, "बाबाचं."

पंजाबराव एकदम मऊ झाले. "अवं, मंग मले सांगाचं नं! तातडीत टाक त्यायले. घरच्या मानसाले कोन अडवते?"

माणूस वाईट नव्हता, हेच तर अवघड होतं. ते शेजारी उभे राहिले आणि त्यांच्यादेखत वर्षालीने मर्यादेच्या चौकटीत पुन्हा चार हजार टाकले. लगेच गोपालचा निरोप आला, "झालं सुरू, ताई!" पंजाबराव समाधानाने निघून गेले.

मग तिने नत्थुजींचं नाव उघडलं. अकरा वर्षांत कोणासाठीही केलं नव्हतं ते केलं. 'साधे' पुसून 'तातडीचे' निवडलं.

तातडीच्या रांगेत ती वरपासून नाव शोधू लागली. पहिल्या पानावर नव्हतं. दुसऱ्यावर नव्हतं. सापडलं ते पार शेवटी. नंबर चारशे एकोणीस.

तेवढ्यात फोन वाजला. मागे भाजीबाजाराचा गलका होता.

"वर्षाली, लागला का माय आपला नंबर?"

"लागला, बाबा."

"पाह्य! मी म्हनलं नोतं? कोनाच्या म्होरं न घुसता बी येते नंबर." मग फोन तसाच चालू ठेवून ते कुणाला तरी म्हणाले, "थांबा भाऊ, तुमाले देतो. ह्या बाई तुमच्या आंधी आल्या हायेत."

वर्षालीने फोन कानापासून काढला नाही. तराजूत वांगी पडल्याचा आवाज तिला ऐकू आला.