शेवटून पहिला

आमच्या तळ्यावरच्या शर्यतीत शिडाची होडी घरीच बनवायची असते. यंदा नव्याने आलेल्या माझ्या साडूने ती गुपचूप कारागिराकडून बनवून आणली आणि वर माझ्या होडीला सगळ्यांसमोर हसला, "ही होडी की कपाट?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पहिली फेरी तो जिंकला. मी मुद्दाम रखडत शेवटचा आलो. मग त्याला आमचा रिवाज सांगितला: पुढच्या फेरीत पहिल्याने आणि शेवटच्याने होड्या बदलायच्या. माझ्या होडीतल्या भोकावर टाच दाबून बसावं लागतं, हे मात्र सांगितलं नाही.

भर तळ्यात तो डब्याने पाणी उपसत होता. त्याच्याच होडीतून शेजारून जाताना मी ओरडलो, "साडूभाऊ, कपाटाचं दार लावा!"